गोड आवाज पाहिजे

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात सगळ्यांत जास्त वेळा कानावर पडणारं आणि सगळ्यांत कमी उलगडणारं वाक्य कुठलं असेल, तर 'आवाज गोड पाहिजे'. बोलती पुस्तकं काढणारा प्रकाशक हे म्हणतो, मंगल कार्यालयाची जाहिरात करून घेणारा मालक म्हणतो, अभंगांचा अल्बम काढायला निघालेलं भजनी मंडळ म्हणतं, आणि थकलेले हप्ते फोनवरून मागणारी कंपनीसुद्धा हेच म्हणते. गोड म्हणजे नेमका कसा, असं विचारलं की समोरचा माणूस हवेत सपाट हात फिरवतो आणि म्हणतो, "म्हणजे... स्मूद हो, ताई."

मी आधी आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होते. पुढे संपादनाकडे वळले, आणि गेली बरीच वर्षं पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत पुस्तकं आणि गाणी मुद्रित करते. बोलणं आणि गाणं, दोन्ही माझ्या टेबलावरून जातं. त्यामुळे एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. ज्याला लोक गोड म्हणतात त्या आवाजात कुठे ना कुठे काहीतरी घासत असतं, अडत असतं, फुटत असतं. ते काढून टाकलं की आवाज गुळगुळीत होतो, पण गोड राहत नाही. गिऱ्हाइकाला हे पटवणं जड जातं, कारण गुळगुळीत आवाज पहिलं अर्धं मिनिट खरोखरच छान वाटतो. तिसऱ्या प्रकरणापर्यंत मात्र कुणी पोचत नाही.

रेडिओवर मी काम शिकले तेव्हा संपादन टेपवर व्हायचं, ब्लेडने. टेप सेकंदाला साडेसात इंच वेगाने पळायची. दोन्ही स्पूल हातांनी धरून टेप मागेपुढे करायची, हवा तो आवाज हेडच्या तोंडाशी आणायचा, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. कापायचं कुठे, हेच खरं शिक्षण. स्वराच्या मधोमध कापलं की टाका कुणालाही कळतो. 'आ' चालू असताना तोडलं तर दुसरीकडचा 'आ' कधीच तंतोतंत जुळत नाही. कापायची जागा 'प', 'ट', 'क' अशा व्यंजनांच्या आधी. ही व्यंजनं फुटण्यापूर्वी तोंडात हवा कोंडते आणि त्या वेळात आवाज शून्य असतो. बोलताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण टेपवर ही शांतता दीड-एक सेंटिमीटर लांबीची निघते. तिथे ब्लेड घातलं की टाका सापडत नाही. भाषा कानाला सलग वाटते. टेपवर पाहिलं की तिला जागोजागी भोकं आहेत, आणि शब्द कळतो तो त्या भोकांमुळेच.

आषाढीच्या दिवसांत वारीची टेप माझ्याकडे संपादनाला यायची. पालखी दिवे घाट चढत असताना घेतलेला आवाज, त्यात वारा, गाड्यांचे भोंगे, चहाच्या टपरीवरची हाक, आणि या सगळ्यातून 'विठ्ठल विठ्ठल'. त्या शब्दावर टेप हळू फिरवून ऐकायची मला सवय लागली होती. 'ठ्ठ' हे जोडव्यंजन, त्यामुळे 'वि' म्हणून झाल्यावर हवा नेहमीपेक्षा जास्त वेळ कोंडते, मग 'ठ' फुटतो. त्या दिंडीत टाळ 'वि'वर एकदा आणि फुटणाऱ्या 'ठ'वर एकदा पडत होते. शेकडो गळे एकाच वेळी अडतात आणि एकाच वेळी सुटतात. त्या अडण्याने दिंडीला पाऊल मिळतं. 'ठ्ठ'च्या जागी एखादं लवचीक, वाहतं व्यंजन घालून पाहा, दिंडी चालणार नाही, तरंगेल.

आणि गंमत अशी की काव्यशास्त्राच्या हिशेबाने हा शब्द गोडच नाही. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त माधुर्य, ओज आणि प्रसाद हे गुण सांगताना माधुर्याला कुठली अक्षरं पोषक ते नेमून दिलं आहे. आपल्या वर्गाचं अनुनासिक डोक्यावर घेतलेली व्यंजनं चालतात, म्हणजे अनंगातला 'ङ्ग', कुंजातला 'ञ्ज', मंदातला 'न्द'. हलका 'र', हलका 'ण' चालतो. ट, ठ, ड, ढ यांना मज्जाव. त्यांची सोय ओजात, म्हणजे युद्धाच्या वर्णनात वगैरे. या परीक्षेत 'पांडुरंग' निम्मा पास होतो ('रंग' चालतो, 'पांडु' नाही) आणि 'विठ्ठल' साफ नापास. मम्मट चुकला, असं मला म्हणायचं नाही. त्याने संस्कृत शृंगारासाठी नियम सांगितले, पंढरपूरच्या वाटेसाठी नाही. पण आपल्याकडे अजूनही पाठ्यपुस्तकातून 'कोमल वर्ण म्हणजे माधुर्य, कठोर वर्ण म्हणजे ओज' एवढंच शिकवून पुढे जातात, आणि मग मुलं मोठी होऊन माझ्या स्टुडिओत येतात आणि 'स्मूद' मागतात.

'ळ'चं तर त्याहून मजेशीर. तो वेदांच्या उच्चारात आहे, पाणिनीय संस्कृतात नाही, त्यामुळे शास्त्रकारांना त्याचा निवाडा करायची वेळच आली नाही. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि पुढे फेकायची, असा हा मेहनतीचा वर्ण. ज्यांच्या भाषेत तो नाही, त्यांना तो सहजासहजी जमत नाही. आणि मराठीत आई मुलाला निजवते ती याच वर्णावर: बाळ, पाळणा, सावळा, निळा, कमळ, जावळ. जगातली सगळी अंगाईगीतं म, न, ल यांवर झुलतात असं सांगितलं जातं. आपली झुलताना जिभेला व्यायामही देतात.

हे सगळं मला भाषेतून आधी कळलं, पण त्याचं कारण समजलं ते मिरजेत, तंबोऱ्यापुढे बसून.

गायनाच्या मुद्रणासाठी स्टुडिओला स्वतःचा तंबोरा हवा होता. तोवर आम्ही इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावत होतो. त्याचा आवाज स्वच्छ, स्थिर, तक्रारीला जागा नाही, आणि दहा मिनिटांनी कंटाळा येईल असा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तुणीचं, आणि ही कारागिरी तिथल्या घराण्यांमध्ये एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांच्याकडे गेले त्या चाचांनी तंबोरा पुढ्यात ठेवला, तारा स्वरात लावल्या आणि मला म्हणाले, "वाजवा." मी वाजवला. सूर बरोबर होता, पण तार छेडली की 'टण' होऊन आवाज पटकन विरत होता. "अजून जवारी लागली न्हाय," ते म्हणाले. "आता तिला जरा घासू दे."

तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरून जातात ती दिसायला सपाट असते, पण तिच्या पाठीला अतिशय मंद बाक दिलेला असतो. सांबरशिंगाची असेल, हाडाची असेल, शिसवी असेल. व्हायोलिनच्या किंवा गिटारच्या घोडीवर तार एका कडेवर टेकते आणि तिथून मोकळी सुटते. तंबोऱ्याची तार बाकावर पसरून टेकते आणि कंप पावताना त्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते. चाचा कानशीने घोडीची पाठ जराशी घासत, तार परत चढवत, कान लावत, परत उतरवत. दुपार गेली. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती धागा सरकवला आणि तो बोटाने मागेपुढे करू लागले. धागा थोडा मागे होता तोवर आवाज बंद. थोडा पुढे गेला आणि एकदम तार झणझणली. एका तारेतून पाच-सहा आवाज उमलल्यासारखे बाहेर पडले आणि बराच वेळ राहिले. धागा केसभर आणखी पुढे गेला असता तर नुसती पत्र्यावरची खरखर झाली असती. त्या दोन्हींच्या मधली जी चिंचोळी जागा, तीच जवारी, आणि तिथे तंबोरा गोड होतो.

यात जादू नाही, भौतिकशास्त्र आहे. कोलकात्यात प्राध्यापक असताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता, त्यात तंबोरा आणि वीणेच्या घोडीबद्दल हीच निरीक्षणं आहेत. तारेच्या ज्या बिंदूवर आपण छेडतो, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर आवाजात उमटू नयेत, असा युरोपात मानला गेलेला नियम होता. रामन यांना ते तंबोऱ्यात खणखणीत ऐकू आले. तार घोडीला घासत असल्यामुळे गैरहजर राहायला हवे होते ते स्वरही हजेरी लावतात. पुढे नोबेल मिळवणाऱ्या माणसाने तंबोऱ्याच्या खरखरीत लक्ष घातलं, हे मला नेहमी सुखावतं.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. 1937 साली ते गेले आणि त्यांची कबर तिथल्या दर्ग्यातच आहे. दर वर्षी उरुसाला तिथे गायन होतं. त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना लक्षात येतं की त्यांचा स्वर जितका लुसलुशीत, तितका पाठीमागचा तंबोरा झणझणीत. एक असतो म्हणून दुसरा शोभतो.

त्या झणझणाटात एक पाहुणा हमखास येतो, तो म्हणजे गंधार. तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. साधारण लावणी प सा सा सा. तरी खर्जाची तार चांगली लागली की तिच्यातून गंधार ऐकू येतो, कारण खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे शुद्ध गंधारच. आकड्यांत सांगायचं तर काळी एकचा षड्ज सेकंदाला सुमारे 138.6 कंपनांचा, त्याचा खर्ज 69.3, आणि त्याच्या पाचपट म्हणजे 346.5, हा तंबोऱ्याने आपणहून दिलेला तार सप्तकातला गंधार. आता हार्मोनियमवर तोच गंधार दाबा. समान अंतराच्या पट्ट्यांमुळे तो 349.2 येतो. फरक तीनही कंपनांचा नाही, पण दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला अडीच-तीन लाटा उठतात आणि आवाज थरथरतो. हेडफोन लावून बसलं की ही थरथर स्पष्ट कळते.

याच भांडणातून आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 मध्ये सैल केली. त्याच्याही आधी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं, इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स त्यांच्याबरोबर श्रुतींची हार्मोनियम बनवण्याच्या खटपटीत होते, आणि या मंडळींच्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँही सामील होते. सांगली-मिरज पट्ट्याला गोड गंधाराची ही जुनी चिंता आहे. तरीही बंदी मला पटत नाही. महाराष्ट्रात तीन-चार पिढ्यांचा कान हार्मोनियम आणि ऑर्गनवर घडला आहे, नाट्यसंगीत त्यांच्याशिवाय उभंच राहिलं नसतं, आणि त्या कानाला ते गोडच लागतं. मी पाहिलेले चांगले साथीदार गंधारावर बोट रेंगाळू देत नाहीत. स्पर्श करतात आणि सोडतात. नियम करण्यापेक्षा हे शहाणपणाचं. सगळीच खरखर गोड नसते, हेही त्यातून कळतं. जवारीची खरखर स्वर खुलवते, दोन गंधारांची थरथर स्वर पुसट करते. हा फरक कानाने करायचा असतो, यंत्राच्या बटणाने होत नाही.

या विषयावरचा माझा आवडता लेखक मात्र तेराव्या शतकातला आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव. घराणं मूळचं काश्मीरचं, पेशाने हिशेबखात्याचा अधिकारी, आणि लिहिलं 'संगीतरत्नाकर'. हिशेबनीसाला शोभेल अशी त्याने गायकाच्या दोषांची यादी केली आहे, पंचवीस दोषांची. दात आवळून गाणारा 'संदष्ट', कावळ्यासारख्या आवाजाचा 'काकी', उंटासारखी मान ताणणारा 'करभ', भोपळ्यासारखे गाल फुगवणारा 'तुंबकी', घाबरत गाणारा 'भीत', ज्याचे शब्द कळत नाहीत तो 'अव्यक्त', आणि डोळे मिटून गाणारा 'निमीलक'. हा शेवटचा दोष वाचून आजच्या निम्म्या मैफली रद्द कराव्या लागतील. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याची आवाजाच्या गुणांची यादी. 'मधुर', 'कोमल', 'स्निग्ध' यांच्या पंक्तीला त्याने 'गाढ', 'घन' आणि 'श्रावक' यांनाही बसवलं आहे, म्हणजे जोरकस, भरीव आणि लांबपर्यंत पोचणारा. गोडवा हा अनेक गुणांतला एक गुण आहे, मालक नाही, हे दौलताबादच्या किल्ल्याखाली बसून एका हिशेबनिसाने आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

बेगम अख्तर यांच्या गझला ऐकणाऱ्यांना माहीत आहे की वर चढताना त्यांचा आवाज मधेच जरासा तडकतो, आणि मैफलीत दाद त्याच जागेला पडायची. आज असं मुद्रण माझ्याकडे आलं तर पलीकडे बसलेला कुणीतरी नक्की म्हणेल, "ताई, तेवढं दुसऱ्या टेकमधून पंच करून घेऊ."

एकदा आम्ही मुळशीकडच्या एका गावात जात्यावरच्या ओव्या मुद्रित करायला गेलो होतो. या प्रांतात हे काम फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाच्या वर ओव्या जमवल्या आणि त्या जपून ठेवल्या गेल्या. आमचं काम त्यापुढे अगदीच किरकोळ, एका माहितीपटासाठी थोडे तुकडे हवे होते. दोन बायका जात्याशी बसल्या. निर्मात्याला जात्याची घरघर नको होती. "फक्त गळा पाहिजे, जातं नंतर मागे लावू," तो म्हणाला. जातं थांबलं. बायका गायल्या, पण दुसऱ्या ओळीला अडखळल्या, मग हसल्या, मग गप्प झाल्या. त्यांतली थोरली म्हणाली, "आवो दादा, ह्याला फिरवल्याबिगर ओवी येत न्हाई." मग खुंटा फिरू लागला, दाणे भरडू लागले, आणि ओव्या एकामागून एक निघू लागल्या. मी माइक जात्यापासून दूर आणि तोंडाच्या जवळ घेतला, एवढंच. घरघर राहिली. पुढे माहितीपट पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याच तुकड्याबद्दल विचारलं. ओवीची चाल दगडाच्या फेऱ्याएवढी असते, ओळीचा शेवट हात कुठे येतो त्यावर ठरतो. तो दगड काढून घेतला तर उरलेल्याला गाणं म्हणता येईल, ओवी म्हणता येणार नाही.

आता ब्लेड गेलं, संगणक आला. त्याची तक्रार करण्याइतकी मी जुनाट नाही. टेप जोडताना बोटं कापून घेतलेल्या माणसाला 'अनडू'ची किंमत कळते. पण सॉफ्टवेअरला आवडीनिवडी असतात आणि त्या मराठी नसतात. आवाजातला गोंगाट काढणारं एक साधन एका ख्यालाच्या मुद्रणावर चालवलं, तर त्याने पंख्याच्या आवाजाबरोबर तंबोऱ्याची जवारीही गोंगाट समजून खाऊन टाकली. सतत चालणारा झणझणाट म्हणजे त्याच्या लेखी बिघाड. दुसरं साधन सकाराचा सीत्कार दाबणारं, आम्ही त्याला डी-एसर म्हणतो. साधारण पाच ते आठ हजार कंपनांच्या पट्ट्यात काही फार टोचलं की ते तिथे आवाज उतरवतं. इंग्रजीसाठी बसवलेलं हे माप मराठीवर चालवलं की चाकातल्या आणि चुलीतल्या 'च'चा बळी जातो. हा 'च' दाताशी घासून निघतो, चंद्रातला 'च' टाळूशी. जाळ्यातला 'ज' आणि जेवणातला 'ज' यांचंही तसंच. लिहिताना आपण दोन्ही एकाच अक्षरात भागवतो, बोलताना लहान पोरसुद्धा गफलत करत नाही. डी-एसरमधून गेलेलं वाक्य मऊ होतं खरं, पण ते कुठल्याही गावचं राहत नाही. मराठी पुस्तक करताना मी ते हाताने, एकेका जागी लावते. वेळ जातो. प्रकाशक कुरकुरतो.

गोडवा वापरला जातो कशासाठी, हाही प्रश्न आहेच. थकबाकीदारांना फोनवरून ऐकवायचा एक संदेश आमच्याकडे मुद्रणासाठी आला होता. मजकुरात कायदेशीर कारवाईची धमकी होती आणि सूचना होती की आवाज 'आपुलकीचा, हसरा' असावा. जी मुलगी तो वाचत होती तिने तीनदा वाचला, तिन्ही वेळा सुरेख. चौथ्यांदा ती थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी हसत हसत कुणाच्या तरी घरी जप्ती आणतेय." आम्ही तो साध्या, सरळ आवाजात मुद्रित करून पाठवला. त्यांनी परत पाठवला. काम दुसरीकडे गेलं. धमकी धमकीच्या आवाजात द्यावी, ऐकणाऱ्याला निदान सावध व्हायची संधी मिळते, असं माझं मत आहे.

निवेदनातही हाच रोग शिरला आहे. प्रत्येक वाक्याला एकच लाडिक सुरावट, शेवटाला एकच हेलकावा. कांद्याचे भाव, मुसळधार पावसाचा इशारा आणि कुणाला वाहिलेली श्रद्धांजली, सगळं एकाच पाकात. आपल्या पूर्वसुरींनी आवाजाच्या चढउताराला 'काकु' म्हणून वेगळं प्रकरण दिलं, कारण 'तो आला' एवढ्या दोन शब्दांचं विधान, प्रश्न, आनंद आणि धसका असं सगळं होतं ते केवळ त्यामुळे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. आला की नाही आला, होणार की होणार नाही, हे अगदी शेवटी ठरतं. आणि गोड बोलण्याच्या नादात आवाज उतरवत उतरवत नेमकं तेच शेवटचं अक्षर गिळलं जातं. ऐकणाऱ्याला गोडवा मिळतो, बातमी मिळत नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागलेली आहे. रेडिओच्या आवाजचाचणीत मी परीक्षकांच्या शेजारी बसत असे. एका मुलीचा आवाज असा होता की काचेपलीकडचा तंत्रज्ञही मान वर करून बघायला लागला. भरीव, उबदार, प्रत्येक वाक्य पोचवणारा. तिने 'पाणी'चं 'पानी' केलं, 'आणि'चं 'आनि'. शेरा पडला: 'आवाज चांगला, उच्चार ग्रामीण.' शुद्ध आणि गोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शुद्ध म्हणजे बहुतेक वेळा परीक्षकाच्या घरी जसं बोलतात तसं. उच्चार शिकवता येतो, काही महिन्यांत येतो. तो आवाज शिकवता येत नाही. वऱ्हाडात 'डोळे'चं 'डोये' होतं, 'काळा'चं 'काया'. ळ गेला म्हणून तिथल्या आयांची अंगाई कडू झाली आहे काय?

पुढे माझ्या स्टुडिओत बहिणाबाईंच्या कवितांचं वाचन करायची वेळ आली, तेव्हा पहिलं वाचन एका नावाजलेल्या शहरी अभिनेत्रीने केलं. अतिशय सुरेल आणि अतिशय परकं. लेवा बोलीतले शब्द ती दागिना दाखवावा तसे हळुवार ठेवत होती. दुसरं वाचन जळगावकडच्या एका शिक्षिकेने केलं, जिला माइकसमोर बसायची सवय नव्हती. ती कागद फडफडवायची, श्वास मोठ्याने घ्यायची, आणि शब्द असे फेकायची की ते शेतातून आल्यासारखे वाटायचे. आम्ही फडफड काढली, श्वास ठेवले. निरक्षर बहिणाबाईंच्या ओठांवर ज्या कविता घडल्या आणि त्यांच्या निधनानंतर 1952 साली छापल्या गेल्या, त्या इतक्या वर्षांनी परत तोंडात आल्या त्या अशा. अभिनेत्रीचं मानधन दिलं, तिचं वाचन कपाटात आहे.

आमच्या स्टुडिओच्या आवाजचाचणीच्या कागदावर आता 'गोडवा' हा रकाना नाही. त्याच्या जागी तीन प्रश्न आहेत. शब्द कळतात का? वाक्याचं शेवटचं क्रियापद ऐकू येतं का? दहा मिनिटांनंतर आणखी ऐकावंसं वाटतं का? चाचणी द्यायला येणाऱ्यांना एवढीच विनंती, येताना पाठ केलेली कविता आणू नका. घरी ज्या भाषेत भांडता, त्या भाषेतलं पानभर काहीतरी घेऊन या.